शेकलेल्या दाताला सिमेंट धरंना

कॅन्सर म्हणल्यावर मी रडले नव्हते. दातातलं सिमेंट तिसऱ्यांदा हातात आलं तेव्हा मात्र कचेरीमागच्या नळावर उभी राहून ढसाढसा रडले. दुःख कसलं डोंबलाचं, निव्वळ संताप होता.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलंय. म्हणा. ज्याच्या गालाला, गळ्याला शेक बसलाय त्याला बरोबर कळेल मी काय म्हणतेय. आणि ज्याला अजून बसायचाय त्याच्यासाठीच मी हे लिहायला घेतलंय, कारण मला हे कुणी नीट सांगितलं नाही. का सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, देव जाणे. जीव राहतोय का जातोय अशा वेळी दाताचं कोण ऐकतं?

शेक म्हणजे रेडिएशन. दवाखान्यात सगळे पेशंट शेकच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

मी लोहाऱ्याला तहसील कचेरीत क्लार्क आहे. दिवसभर खिडकीतून तीच तीच वाक्यं म्हणायची. 'झेरॉक्स जोडा', 'इथं सही राहिली', 'साहेब मीटिंगला गेलेत'. माझा आवाज बाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायचा. आमचे हे उमरग्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पोरगी लग्न होऊन लातूरला. घरात आम्ही दोघं आणि यांची आई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मूळच्या माकणीच्या. सासरे गवंडी होते, आणि आत्याबाईंनी त्यांच्या हाताखाली घमेली वाहिलेली. माकणीच्या धरणावरसुद्धा कामाला होती दोघं. सिमेंटातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

गालगुंड

डाव्या कानाखाली गाठ आली. दुखत नव्हती. आत्याबाईंनी बोटानं चाचपली आणि निकाल देऊन टाकला, "गालगुंड हाय. ल्हानपनी झालं नसंल तुला, आता झालं."

सुंठ उगाळून लेप लावला. तो लेप लावून मी ऑफिसला जायचे. खिडकीतले लोक विचारायचे, "मॅडम, दाढ दुखती का?" दाढ! माझे बत्तीसच्या बत्तीस दात धड होते तेव्हा. एक कीड नाही, एक भेग नाही. ऊस दातानं सोलून खायचे मी.

गाठ काही उतरेना, तेव्हा यांनी सोलापूरला नेलं. तिथं केसपेपर काढणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "तंबाखू?"

"नाही."

"मिसरी?"

"नाही."

"गुटखा, सुपारी?"

"अहो, नाही म्हणलं ना."

मग हेच नर्सनं विचारलं, हेच सोनोग्राफीवाल्यानं विचारलं, हेच मोठ्या डॉक्टरनं विचारलं. जणू मी तंबाखू पदरात लपवून आणलीय आणि कधी ना कधी सापडणार आहे. शेवटी आत्याबाईंचा पारा चढला.

"मिसरी म्या लावती," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "जल्मभर लावती. मला काय झालं न्हाय आन् हिला झालं. आता काय म्हनता?"

आजी, तुम्ही मिसरी सोडा, एवढंच डॉक्टर म्हणाला.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यानं आम्हाला समोर बसवून सांगितलं. कानाखाली थुंकी तयार करणारी ग्रंथी असते, तिचा कॅन्सर आहे. वर म्हणाला, याचा तंबाखूशी तसा संबंध नसतो. अरे मग एवढं विचारत कशाला होतात!

हे म्हणाले, "रिपेअर होईल ना, साहेब?" त्यांना दुसरा शब्दच सुचला नाही. डॉक्टर म्हणाला, होईल. ऑपरेशन करू, मग शेक देऊ. मी फरशीकडं बघत बसले. डोक्यात एकच खुळा विचार, की मार्च एंडची कामं आता कोण करणार.

मिसरीची डबी

ऑपरेशनचं फार सांगत नाही. झालं. तोंड थोडं वाकडं झालं आणि हळूहळू जागेवर आलं.

शेकासाठी दवाखान्याजवळ खोली घेतली. यांना एवढी रजा मिळेना, म्हणून आत्याबाई माझ्याजवळ राहिल्या. रोजचा नेम ठरलेला. सकाळी नंबर लावायचा, बाकड्यावर बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं. तोंडावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा ठेवून तो टेबलाला खटाखट अडकवतात. हलायचं नाही. शेक लागताना काहीच कळत नाही. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच?

एवढंच नव्हतं. थोड्या दिवसांत तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळायचं म्हणलं तरी डोळ्यांत पाणी. चव गेली, भात म्हणजे कागद. आणि थुंकी आटली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जीभ टाळूला चिकटायची, ती बोटानं सोडवायची वेळ यायची. बोलायला गेलं की शब्द तोंडातच अडकून बसायचा. मला! जिला गप्प करायला तहसीलदार लागायचा.

एके सकाळी आत्याबाई नळावर राखेनं काहीतरी घासत बसलेल्या दिसल्या. त्यांची मिसरीची डबी. जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, झाकण चेपलेलं, कमरेच्या पिशवीत कायम असायची. घासून घासून लख्ख केली, उन्हात वाळवली, वास घेऊन बघितला आणि तिच्यात खडीसाखर भरली.

"आन् मिसरी?" मी खुणेनंच विचारलं.

"दिली फेकून. त्या डाक्तरनं सांगितलं न्हवं का." मग एक खडा माझ्या गालफडात ठेवला. "धर. चावू नको. थंड असती. घसा वला ऱ्हातो."

काय सांगू, त्या खड्यानं केवढं सुख दिलं! सगळी चव गेलेली, पण गोडाची तेवढी किंचित कळायची. खडा विरघळायचा तसं तोंडात ओल आल्यासारखं वाटायचं. शेकाच्या बाकड्यावर बसताना खडा, बाहेर आल्यावर खडा, झोपताना खडा. जन्मभराची सवय या बाईनं माझ्यासाठी एका सकाळी सोडली होती. पहिले काही दिवस तलफेनं त्यांचं डोकं चढायचं, हे मला दिसत होतं. पण तोंडातून चकार शब्द नाही.

शेक संपला. आम्ही घरी आलो. डबी मात्र चालू राहिली. मी कामावर जायला लागले तेव्हा आत्याबाई माझ्या पर्समध्येही खड्यांची पुडी टाकायच्या. खिडकीतून बोलायचं म्हणजे खडा पाहिजेच.

सिमेंट

गाठ गेली, तपासण्या चांगल्या आल्या, सगळे म्हणाले सुटलीस बाई. आणि मग दात सुरू झाले.

हिरडीजवळ आधी पांढुरके पट्टे आले, मग तपकिरी. दाताचा चुरा पडायला लागला. भाकरी खाताना खडा लागला म्हणून थुंकावं तर तो खडा म्हणजे माझाच दात. माझा! ऊस सोलणारीचा!

लोहाऱ्यातल्या डॉक्टरकडं सिमेंट भरलं. महिना टिकलं नाही. पुन्हा गेले. तो म्हणाला, "काही कडक चावलं असंल."

"कडक?" मी म्हणाले. "डॉक्टर, मी भाकरी आमटीत बुडवून बुडवून लापशी करून खाते. पाण्याशिवाय मला गोळी गिळवत नाही. कडक काय चावणार?"

त्यानं पुन्हा भरलं, पडलं, पुन्हा भरलं. पुन्हा पडलं. कचेरीमागच्या नळावरचं रडणं ते याच वेळचं. चूळ भरायला गेले आणि करड्या रंगाचा तुकडा तळहातावर. घरी आल्यावर हे म्हणाले, "प्रायमर न मारता रंग दिला की असंच होतं. दुसऱ्याकडं जा." म्हणून उमरग्याला गेले. तिथली डॉक्टरीण वयानं माझ्या पोरीएवढी. तिनं सगळं तोंड तपासलं, शेकाची माहिती विचारली आणि म्हणाली, "ताई, गोड खाता का?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

आणि खरंच सांगते, मला त्याचा गर्व होता. शेकाच्या दवाखान्यातच सांगितलं होतं की गोड बंद. त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा. ऑफिसात कुणाला प्रमोशन मिळालं, पेढे आले, मी हात जोडायचे. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते. सगळ्या बाया ताटली पुढं करून बसलेल्या आणि मी एकटी, नको गं बाई, दात आहेत माझे.

त्याच पौर्णिमेला वंदना म्हणताना त्या डॉक्टरीणबाईनं भरलेलं पुढच्या दातातलं सिमेंट निसटलं आणि माझ्या पांढऱ्या साडीवर पडलं. मी ओठ मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. शेजारी आत्याबाई. त्यांनी हळूच तुकडा उचलून पदराच्या गाठीला बांधला आणि कानाजवळ येऊन म्हणाल्या, "कोरड्यावर गिलावा धरत न्हाय गं. आदी पानी मारायला सांग त्या पोरीला. इटा भिजवल्याबिगर सिमेंट चालतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी तरातरा उमरग्याला. जीपमधून उतरले ती थेट आत.

"मॅडम, तुमचं सिमेंट बोगस आहे," मी म्हणाले. "आमच्या कचेरीच्या भिंतीचं प्लास्टर याच्यापेक्षा बरंय, आणि ते सुद्धा पडतंय." सासूबाईंचा निरोपही देऊन टाकला, आधी पाणी मारा म्हणून.

ती हसली. हसली म्हणून मी आणखी तापले.

"ताई, आमचं उलटं असतं," ती म्हणाली. "भरताना दात एकदम कोरडा लागतो. थेंब लागला तरी धरत नाही."

"मग माझं तोंड तर वाळवंट आहे. माझं सगळ्यात घट्ट बसायला पाहिजे!"

"बसत नाही. खरं सांगते तुम्हाला." आता ती हसत नव्हती. "शेक बसलेला दात वरून तसाच दिसतो, पण आतून बदललेला असतो. आमचं मटेरियल त्याला नीट पकड घेत नाही. थुंकी नाही म्हणून कडेनं कीडही लवकर लागते. त्यात माझा दोष नाही आणि तुमचाही नाही. पण ताई, तुमची कीड जरा जास्तच पळतेय. नक्की गोड खात नाही ना?"

"किती वेळा सांगू? नाही!"

काढून टाक

डाव्या बाजूची खालची दाढ सगळ्यात वाईट होती. शेक सगळ्यात जास्त तिथंच बसलेला. तिचं सिमेंट पडलं की कड एवढी टोकदार व्हायची की जीभ कापायची. एका रविवारी जेवताना ते पुन्हा पडलं. मी ताट सरकवलं. हे म्हणाले, "काढून टाक की एकदाची! एका दाढेनं काय बिघडतंय? माझ्या चार गेल्या."

"म्याच दोरा बांधून उपटल्या व्हत्या माज्या," आत्याबाई म्हणाल्या.

"सगळ्यांनी मिळून उपटा मग!" मी ओरडले. "घरात पाना-पकड आहेच!"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. जीव मेटाकुटीला आला होता. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी उमरग्याच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, काढा. आत्ता काढा.

डॉक्टरीणबाईनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "ही दाढ मी काढणार नाही. आणि दुसरीकडं कुठं जाऊन काढूही नका. हात जोडते."

मग तिनं सांगितलं. शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त नीट पोचत नाही. दाढ काढली आणि जखम भरलीच नाही तर हाड उघडं पडतं, कुजायला लागतं. कधी कधी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण तुमच्या या बाजूला मला तो धोका घ्यायचा नाही. काढायची वेळच आली तर सोलापूरला, शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारून. "तोपर्यंत ही दाढ वाचवायची. सिमेंट पडलं तर पुन्हा भरू. शंभरदा पडलं तर शंभरदा भरू. पण कीड मुळापर्यंत गेली की माझ्या हातात काही राहणार नाही."

कॅन्सर गेला म्हणून ज्या जबड्यावर मी हात फिरवत होते, तो आता एका किडक्या दाढेपायी जाणार? मला अशी भीती ऑपरेशनच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती.

तुमच्यापैकी कुणाला शेक झालेला असेल तर एवढं एक माझं ऐका. घरचे म्हणतील, शेजारचे म्हणतील, जत्रेतला दातवाला म्हणेल, काढून टाका. काढू नका. आधी विचारा.

गालातला खडा

पुढच्या खेपेला आत्याबाई बरोबर आल्या. त्यांना उमरग्यात डोळे दाखवायचे होते. आधी माझा नंबर. बाकड्यावर बसल्या बसल्या माझ्या घशाला कोरड पडली. आत्याबाईंनी सवयीनं कमरेची डबी काढली, खडा माझ्या हातावर ठेवला. मी सवयीनं डाव्या गालात सरकवला, दाढेच्या शेजारी. त्याची ती जागाच झाली होती. तेवढ्यात नाव पुकारलं.

मी खुर्चीत आडवी झाले. आ केला. वरचा दिवा लागला. डॉक्टरीणबाई वाकली आणि तशीच थांबली. मग चिमट्यानं खडा बाहेर काढून दिव्याखाली धरला.

"ताई, हे काय आहे?"

"खडीसाखर."

"गोड खात नाही म्हणालात ना?"

"नाहीच खात."

"मग हे?"

"ही खडीसाखर आहे," मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, हिला मराठी कळत नाही का. "घशासाठी असते. थंड."

ती स्टुलावर बसली. "दिवसातून किती वेळा खाता?"

"खाते कुठं? नुसती धरते. तोंड कोरडं पडलं की."

"आणि तोंड कोरडं कधी पडतं?"

"सारखंच," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

तिनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, खडीसाखर म्हणजे साखरच की हो! तुम्ही दिवसरात्र त्या दाढेला साखरेत बुडवून ठेवलंय!"

आता तुम्ही हसाल. ग्रॅज्युएट बाई, सरकारी नोकर, आणि एवढं कळेना? पण आमच्याकडं कुणालाही विचारून बघा. खोकला आला, खडीसाखर. बाळंतिणीला, खडीसाखर. तान्ह्या लेकराची उचकी थांबेना, खडीसाखरेचं पाणी. तिला गोड म्हणतं कोण? गोड म्हणजे पेढा, खीर, चहातली साखर. खडीसाखर औषधाच्या फळीवर, ओव्याच्या शेजारी असते. मला इतक्या वेळा विचारलं, गोड खाता का, आणि दर वेळी मी खडा गालात धरून प्रामाणिकपणे नाही म्हणाले. आणि वर विहारातली खीर सोडली! माझी एवढी चिडचिड झाली की मला त्या खुर्चीतून उठताच येईना.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"म्या दिली ती," त्या म्हणाल्या. "माज्यामुळं पडलं का सिमेंट?"

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बोल बाई काहीतरी गोड. पण तिनं खरं तेच सांगितलं. "दोन्हीमुळं, आजी. शेकामुळं धरत नाही, आणि साखरेमुळं कडेनं किडतं."

जीपमध्ये आत्याबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची माहिती काढतात. माझ्या तोंडावर किती तरी आलं होतं. कुणी सांगितलं होतं हे शहाणपण, म्हणून. आजवर राग काढायला सिमेंट होतं, डॉक्टर होता. आता तो राग फिरून जिच्यावर येत होता, तिनं माझी ओकारी काढली होती, बाकड्यावर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी बाटली काढली आणि पाणी प्यायले.

घरी आल्यावर त्यांनी डबी माझ्यापुढं आदळली. "घे. तुज्या हातानं टाक. म्या आता मिसरीच लावती पुन्यांदा. मिसरीनं माजंच वाटुळं व्हईल, दुसऱ्याचं तरी व्हनार न्हाय."

"लावून बघा," मी म्हणाले. "सोलापूरच्या त्या डॉक्टरला फोन करते लगेच."

त्या हसल्या नाहीत. मिसरी लावली नाही त्यांनी, पण जेवणही नीट केलं नाही. चूल विझावी तशी बाई विझून गेली. हे मला म्हणाले, "तू काय बोललीस आईला?" मी म्हणाले, "काहीच नाही बोलले, तेच लागलंय त्यांना."

हाय का गं?

दाढ पुन्हा भरली. खडीसाखर बंद झाली. आता मी बाटलीतलं पाणी घोट घोट घेऊन तोंडात घोळवते, दाताला डॉक्टरीणबाईनं कीड रोखायला दिलेली जेली लावते. शेळीसारखं सारखं तोंड हलवत बसावं लागतं, पण खिडकीतल्या लोकांना सवय झालीय.

मग एका सकाळी आत्याबाईंनी चुलीपासून आवाज दिला, "शोभा, हाय का गं?"

मी जीभ फिरवून बघितली. "हाय."

ते रोजचं झालं. मी ब्रश करून आले की "हाय का गं?" आणि मी "हाय". हे चिडवायचे, गाडी डेपोतून सोडताना चाकं बघतात तशी आई तुझी दाढ बघती. पण त्या एका शब्दावर आत्याबाईंचा दिवस चालायचा. 'हाय' ऐकलं की दोन घास जास्त जायचे. मला त्या 'हाय का गं'चाही वैताग यायचा. दाढ माझी, पण परीक्षा त्यांची रोज.

कित्येक महिने असे गेले. परवा सकाळी चूळ भरली आणि बेसिनमध्ये टक्कन वाजलं. करडा तुकडा. तीच दाढ.

"शोभा, हाय का गं?"

एक खडा तोंडात घातला नव्हता मी तेव्हापासून. म्हणजे हे साखरेचं नव्हतं. पण ते त्यांना कोण पटवणार? त्या पुन्हा सगळं आपल्या डोक्यावर घेणार. मी तुकडा मुठीत धरला आणि म्हणाले, "हाय."

ऑफिसातून लवकर सुटून उमरगा गाठलं. सगळ्या रस्त्यानं एकच धास्ती, आत कीड निघाली तर? जीपमध्ये शेजारची बाई विचारत होती, ताई बरं न्हाय का. डॉक्टरीणबाईनं दिवा लावला, आतून बाहेरून बघितलं, खरवडून बघितलं. माझे हात खुर्चीला घट्ट.

"आत स्वच्छ आहे," ती म्हणाली. "नवी कीड अजिबात नाही. हे नुसतं शेकामुळं सुटलंय. असं अधूनमधून सुटणारच, ताई. सुटलं की यायचं. दाढ शाबूत आहे."

म्हणजे जन्मभर हेच. भरा, पडलं, जीपला लटका, भरा. वैताग नुसता. पण दाढ शाबूत होती आणि जबडाही. मी सिमेंट कडक करतात त्या निळ्या लाईटखाली आ करून पडले.

घरी आले तर आत्याबाई उंबऱ्यात तुरीची डाळ निवडत बसलेल्या. मी काही न बोलता आत निघाले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तांब्या भरून आणला.

"पी."

"आत्ताच प्यायले."

"पी म्हनती न्हवं. नवं सिमेंट हाय, पानी मारावं लागतंय."

मी बघतच राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळी हाय म्हनलीस तवा मूठ आवळलेली हुती तुजी. म्या काय आंधळी न्हाय. चस्मा आनलाय उमरग्याहून." मग आवाज बारीक झाला. "किडलंय का आतून?"

"नाही. आत स्वच्छ आहे म्हणाली. साखरेचं काही नाही, आत्याबाई. शेकामुळं पडलं."

"सकाळी खोटं बोललीस. आता बी बोलती असशील."

"खरंच सांगते. दाढ शाबूत आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग तांब्या माझ्या हातात दिला. "म्हंजी माज्यामुळं न्हाय?"

"न्हाय."

त्या उंबऱ्यात बसल्या. पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं, सूप पुढं ओढलं. मला वाटलं आता रडतील. पण नाही. एकदम त्यांचा जुना आवाज चढला.

"मग त्या डाक्तरनीला अक्कल न्हाय का!" त्या ओरडल्या. "कवाधरनं सांगती, आदी भिजीव, मग सिमेंट लाव. कोरड्यावर लावती आन् मग पडतंय! फुडल्या बारीला म्याच येती. घमेल्यानं पानी नेती संगं. बगती कसं धरत न्हाय ते!"

समोरच्या घरातली बाई काय झालं बघायला बाहेर आली. मी पायरीवर बसून सगळा तांब्या पाणी प्यायले.